येसबाने करून दाखवलं

एका गावात एक भोळा ताशेवाला होता. नाव येसबा. भोळा म्हणजे किती, तर कुणी "जरा थांब" म्हटलं की तो संध्याकाळी त्याच जागी उभा सापडायचा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, एवढाच काय तो त्याचा दोष.

लग्नसराई संपली. ताशा खुंटीला लागला. येसबा दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालू लागला. त्याची बायको पारू वैतागली.

"तालुक्याच्या दवाखान्यात माणसं पाहिजेत म्हणं," ती म्हणाली. "आजारी पोरांना हसवायला. तिकडं तरी जावा."

"पण हसवायचं कसं?"

"तुम्ही नुसतं जावा. बाकी आपोआप हुईल."

शनिवारी येसबा दवाखान्यात गेला. पोरांच्या वॉर्डात बारा खाटा होत्या आणि बाराही खाटांवर दमयंतीबाई सिस्टरांचं राज्य होतं. त्यांनी खिडकीजवळची खाट दाखवली. तिथे सात वर्षांची तानी होती. तिचा पाय मोडला होता आणि वाकडाच जुळला होता. तो सरळ करून प्लास्टर घालायला शहरातले हाडांचे डॉक्टर दर बुधवारी यायचे. पण स्ट्रेचर दिसलं रे दिसलं, की तानी खाटेच्या गजाला मिठी मारून असा टाहो फोडायची की डॉक्टर परत जायचे. दोन बुधवार असेच गेले. येत्या बुधवारी झालं नाही तर पाय जन्माचा वाकडा राहील, असं डॉक्टर सांगून गेले होते. तानी कुणाशी बोलत नव्हती. तिची आई पदराने डोळे पुसत बसलेली असायची.

"हिची भीती घालव बाबा," दमयंतीबाई म्हणाल्या. "तेवढं केलंस तरी खूप झालं."

येसबाने पिशवीतून ताशा काढला आणि वरातीची चाल सुरू केली. तीन पोरं खाटेवर उभी राहून नाचू लागली. शेजारच्या खोलीत एक डॉक्टर बाळाच्या छातीला नळी लावून ठोके ऐकत होते. ते घाबरले. बाळाचे ठोके वरातीच्या चालीवर पडत होते.

दमयंतीबाई धावत आल्या. "अरे, हा दवाखाना आहे! इथे हळू बोलायचं. कानात सांगितल्यासारखं."

"व्हय बाई," येसबा म्हणाला. आणि त्याने ते मनावर घेतलं.

रविवारी कुणीतरी मोरीतला नळ उघडा टाकला. पाणी वॉर्डात यायला लागलं. येसबाने ते पाहिलं. चवड्यांवर चालत तो पहिल्या खाटेपाशी गेला आणि पोराच्या कानात म्हणाला, "पाणी आलंय हं." मग दुसऱ्या खाटेपाशी गेला. मग तिसऱ्या. बाराव्या खाटेपाशी पोचला तोवर सगळ्यांच्या चपला दारातून बाहेर पडून जिन्याला लागल्या होत्या.

"अरे, असं काही झालं की बोंबलत यायचं!" दमयंतीबाई घोटाभर पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या. "अख्ख्या दवाखान्याला कळलं पाहिजे!"

"व्हय बाई." येसबाने तेही मनावर घेतलं.

सोमवारी एक तान्हं बाळ दोन दिवस रडून रडून एकदाचं झोपलं. त्याच्या आईने सुस्कारा सोडला. आजीने देवाला हात जोडले. येसबाने विचार केला, एवढी मोठी गोष्ट झाली आणि कुणी काही बोलेना! तो व्हरांड्यातून पळत सुटला. "झोपलं! झोपलं हो! बाळ झोपलं!"

अख्ख्या दवाखान्याला कळलं. बाळालाही कळलं.

दमयंतीबाईंनी कपाळावर हात मारला. "तू आता स्वतःचं डोकं चालवूच नकोस. पोरं सांगतील तसं कर, म्हणजे झालं."

"व्हय बाई." मनावर घेतलं.

मंगळवारी पोरं म्हणाली, "येसबाकाका, सुई टोचणाऱ्या बाईंना आत येऊ देऊ नका." येसबा दारात आडवा पडला. सुई टोचणाऱ्या बाई म्हणजे दमयंतीबाईच. त्यांनी दरडावलं, हात जोडले, शेवटी पदर खोचून व्हरांड्याकडच्या खिडकीतून चढून आत आल्या. पोरं पोट धरधरून हसली. तानी हसली नाही. पण तिने मान वळवून बघितलं.

"अरे माणसा," दमयंतीबाई धापा टाकत म्हणाल्या, "भ्यायलेल्या पोराचं ऐकायचं नसतं. त्याला आधी आपण करून दाखवायचं, म्हणजे त्याची भीती जाते. आणि उद्या बुधवार आहे. उद्या घोळ घातलास तर याद राख!"

बुधवारी स्ट्रेचर आलं. तानीने गजाला मिठी मारली. तिची आई रडू लागली. येसबा पुढे झाला, स्ट्रेचरवर चढला, आडवा झाला आणि तोंडावरून चादर ओढून वॉर्डबॉयला म्हणाला, "चला."

तानीचा टाहो अर्ध्यात थांबला. कितीतरी दिवसांनी ती बोलली.

"काका, तुम्ही का झोपलात?"

"तुला करून दाखवतोय," चादरीतून आवाज आला.

"मग मी पण बघणार!"

आईने तिला कडेवर उचललं आणि ती स्ट्रेचरमागे पळाली. आत डॉक्टरांनी चादर बाजूला केली. खाली मिशा होत्या.

"पेशंट सात वर्षांची आहे ना?" त्यांनी विचारलं.

दमयंतीबाई त्यांच्या कानाशी लागल्या. डॉक्टरांनी तानीकडे पाहिलं. ती आईच्या कडेवरून डोळे फाडून बघत होती आणि मुळीच रडत नव्हती. डॉक्टर शहाणे होते. "घाला याच्या पायाला प्लास्टर," ते म्हणाले. "संध्याकाळी काढून टाकू."

येसबाच्या धडधाकट पायावर प्लास्टर चढलं.

"दुखलं?" तानीने विचारलं.

"छ्या! गार गार लागतंय."

तानी खुदकन हसली. "मग मलाही घाला."

तिला भूल दिली, पाय सरळ केला, प्लास्टर घातलं. दमयंतीबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना फार आनंद झाला होता आणि तो कुणाला दिसू द्यायचा नव्हता.

प्लास्टरवाल्याने सवयीने दोघांनाही बजावलं, "सहा आठवडे पाय खाली टेकवायचा नाही."

येसबाने ते मनावर घेतलं. संध्याकाळी प्लास्टर कापायला आले तर तो हात लावू देईना. "सहा आठवडे म्हणालात की!" शेवटी त्याला तानीशेजारची खाट दिली. पारू डबा घेऊन आली आणि बघतच राहिली. "तुम्हाला पोरांना हसवायला धाडलं हुतं," ती म्हणाली, "आन् तुम्ही तर भरतीच झालात!"

सहा आठवड्यांनी दोघांची प्लास्टरं कापली. तानीचा पाय छान सरळ झाला होता. पण ती तो खाली टेकवेना. आईने विनवलं, डॉक्टरांनी समजावलं. ती हलेना.

"येसबा, तू चालून दाखव," दमयंतीबाई म्हणाल्या.

येसबाने पाय वर ओढून घेतला. "मला न्हाई जमायचं बाई. इतके दिवस बंद होता. आधी मला कुणीतरी करून दाखवा."

तानीला त्याची कीव आली. एवढा मोठा माणूस आणि किती घाबरतो! ती खाटेवरून सरकत खाली उतरली. "काका, इकडे बघा. असं." गजाला धरून तिने एक पाऊल टाकलं. कलली, सावरली, दुसरं टाकलं. लंगडत लंगडत ती दारापर्यंत गेली. तिच्या आईला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

मग येसबा उतरला आणि तिच्यामागून दारापर्यंत गेला.

महिन्याभरात तानी नीट चालू लागली. दोन महिन्यांत पळायला लागली.

येसबा अजून लंगडतो. कुणी विचारलं, "अहो, पायाला तर काही झालेलं नाही, मग असे का चालता?" तर तो म्हणतो, "वा! तानीनं असंच करून दाखवलंय."