सैल पडलेली दोरी

एकेकाळी एका डोंगरातल्या लहानशा तळ्याकाठी एक ज्ञानी वृद्ध राहत असे. हिवाळ्यात ते तळे गोठून फरशीसारखे घट्ट होई, आणि वृद्ध त्या बर्फाला भोके पाडून मासे धरी. ज्ञानी पुरुष आणि मासे धरतो, म्हणून कुणी नाक मुरडू नये. त्या उंचीवर सहा महिने गवताची काडी उगवत नाही, आणि पोट ज्ञान्यालाही असते.

उन्हाळ्यात त्याच्याकडे एक शिष्य येऊन राहिला होता. वय पस्तिशीचे. आई गेल्यावर घरात तो आणि थोरला भाऊ असे दोघेच उरले, आणि त्या रिकाम्या घरात याचा जीव रमेना. मनःशांती शोधतो म्हणून हा निघाला. भाऊ घर सांभाळायला मागे राहिला. शांती शोधणाऱ्यांच्या मागे घर सांभाळणारा कुणीतरी असतोच, त्याची विचारपूस मात्र फारशी होत नाही.

घाटाखालून लोकर आणि मीठ घेऊन एक व्यापारी महिन्या-दीड महिन्याने वर येई. भावाचे निरोप तोच आणी. पहिला निरोप आला, ‘छप्पर गळतंय, ये.’ दुसरा आला, ‘बैल लंगडतोय, माझ्या एकट्यानं होत नाही, ये.’ तिसऱ्या खेपेला भावाने नुसत्या शिव्या पाठवल्या, आणि व्यापाऱ्याने त्या एकही न गाळता पोचवल्या. प्रत्येक निरोपानंतर शिष्याला दोन दिवस अन्न गोड लागत नसे. पण तो गेला नाही.

तळे गोठून तीन आठवडे झाले तेव्हा व्यापारी हंगामातल्या शेवटच्या खेपेला आला.

“तुमचा भाऊ म्हणाला, ‘सगळं ठीक आहे. तू तुझा अभ्यास कर.’”

“आणखी काही?”

“आणखी काही नाही. मी उद्या दुपारी घाट उतरतो. मग बर्फ फुटेपर्यंत वाट बंद.”

शिष्याला हायसे वाटले. संध्याकाळी तो वृद्धाला म्हणाला, “बाबा, दादा निवला अखेर. आता ओढत नाही मला.”

वृद्ध चुलीत काटकी सारत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे तळ्यावर गेले. मासे शोधण्यात शिष्य एव्हाना तयार झाला होता. काठाजवळ जिथे बर्फाखालीही पाणगवत हिरवे राहते, तिथून सुरुवात करायची. खोल पाण्याकडे दहा-दहा पावलांवर पहारीने भोके पाडत जायचे, आणि दोरीला बांधलेला शिशाचा मणी सोडून तळ अजमावायचा. तिथले मासे तळहाताएवढे, चपटे. तळापासून हातभर वर ते थव्याने थांबतात आणि नजर वर ठेवतात, म्हणून आमिष त्यांच्या डोक्यावर धरायचे. हे सगळे त्याला येत होते. मासा मात्र तीन आठवड्यांत एकही लागला नव्हता. आमिष तेवढे दर वेळी नाहीसे होई.

चहूकडे पांढरे मैदान पसरले होते. पाखरूही दिसत नव्हते. वीस पावलांच्या अंतरावर, वाऱ्याकडे पाठ करून, दोघे आपापल्या भोकाशी बसले. इतक्या जवळ बसूनही माणूस किती एकटा असू शकतो, हे शिष्याला त्या तळ्यावर रोज जाणवे.

प्रत्येकाच्या गळाच्या काठीच्या टोकाला बांबूची बारीक कामटी होती, तिच्यावरून दोरी पाण्यात सोडलेली. मण्याच्या वजनाने कामटी किंचित वाकलेली असे. शिष्य तिच्याकडे टक लावून बसला. घटकाभराने ती हळूच सरळ झाली, दोरी सैल पडली. ओढ कसली ती नाहीच. तो तसाच वाट पाहत राहिला.

एवढ्यात वृद्ध उठला, तरातरा त्याच्यापाशी आला, आणि काही न बोलता त्याच्या हातातली काठी झटक्यासरशी वर उचलली. दोरीला चपटा मासा तडफडत होता.

“बाबा, पण काहीच ओढत नव्हतं!”

“तेच तर.” वृद्ध खाली बसला. “तू ओढ लागायची वाट बघतोस. हा लहान मासा ओढत नाही. खालून येतो, आमिष तोंडात धरतो आणि तसाच वर उचलतो. मण्याचं वजन तो पेलतो, म्हणून तुझी कामटी सरळ होते. तुला वाटतं, खाली कुणी नाही. नेमका तेव्हाच तो असतो.”

शिष्य माशाकडे पाहत होता.

“छप्पर गळायचं थांबलं का रे? बैल बरा झाला? व्यापाऱ्याला विचारलंस?”

“नाही.”

“जो शिव्या घालतो, तो अजून वाट बघत असतो. तुझ्या दादानं आता शिव्याही सोडल्या, सगळं ओझं एकट्यानं उचललंय. म्हणून तुझ्या हाताला हलकं लागतंय.”

शिष्य उठला आणि गाठोडे बांधायला झोपडीकडे धावला.

दुपारी व्यापारी निघाला तेव्हा शिष्य त्याच्याबरोबर होता. निरोप द्यायला वृद्ध दाराशी आला. “माझी काळजी करू नकोस. माझं काय, सगळं ठीक आहे.”

शिष्य पन्नासेक पावले गेला असेल, नसेल. मग थबकला. व्यापाऱ्याला थांबायला सांगून तो मागे पळत आला.

“काय विसरलास?” वृद्धाने विचारले.

“बाबा, खरं सांगा. ठीक आहे?”

“नाही,” वृद्ध म्हणाला. “जड जाईल. निरोप मी काल ऐकला, कालच बोलायला हवं होतं. नाही बोललो. उद्यापासून तळ्यावर एकट्यानंच बसायचं, हे डोळ्यांसमोर आलं.” एवढे बोलून तो ओशाळला आणि बाहीने नाक पुसू लागला.

शिष्याने वाकून त्याच्या पायांना हात लावला. “बर्फ फुटलं की पहिल्या खेपेला येतो. दादाला घेऊन येतो.”

“आण. म्हणावं, शिव्या झकास देतोस.”

घाटाच्या वळणावरून शिष्याने मागे वळून पाहिले. वृद्ध तळ्यावर परतला होता. मघाशी शिष्य जिथे बसला होता त्या भोकावर नव्या बर्फाची साय धरली होती, आणि ती तो पहारीने हलकेच फोडत होता.

तुम्हालाही अलीकडे कुणी ‘सगळं ठीक आहे’ एवढेच कळवले असेल. एकदा जाऊन या.