ओताऱ्याची माणसं

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा राजे होते, त्यांच्या राजधान्या होत्या, आणि राजधानीपासून बरंच लांब, नदीच्या वळणावर, एक लहानसं गाव होतं. त्या गावात एक ओतारी राहत होता. घंटा ओतण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. देवळातली असो की बैलाच्या गळ्यातली, त्याची घंटा वाजली की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून ऐकायचा.

कारखाना तसा बेताचाच. अंगणात भट्टी, बाजूला साच्यांची पडवी आणि राबणारी दहा-बारा माणसं. कुणी माती मळायचं, कुणी भाता ओढायचं, कुणी तयार घंटा घासायचं. पण माणसं म्हटली की त्यांच्या कटकटी आल्याच. ओतारी साच्यावर मेणाची नक्षी काढायला बसला रे बसला, की कुणीतरी समोर उभं.

"धनी, मेव्हणीचं लगीन हाय, सुट्टी पायजे."

"धनी, ह्यानं माझी सांडशी घेतली आन् आता न्हाई म्हनतोय."

"धनी, नवा गडी भाता ओढतोय का झोपा काढतोय, तुमीच बघा."

तोवर मेण थंड व्हायचं आणि ओताऱ्याचं डोकं गरम व्हायचं.

शेवटी त्याची बायको म्हणाली, "अहो, रोज माझ्यावर ओरडण्यापेक्षा गोजरामावशीला का बोलावत नाही?"

गोजरामावशीला सारं गाव ओळखायचं. रंगाऱ्याकडची आणि तेल्याकडची माणसं तीच सांभाळायची. लहान धंदेवाल्याला स्वतःचा कारभारी ठेवणं परवडत नाही, म्हणून मावशी आज याच्या ओसरीवर, उद्या त्याच्या. नवा गडी पारखून आणायचा, त्याला कामाची रीत समजावायची, सुट्ट्या ठरवायच्या, मजुरी वाटायची, भांडणं मिटवायची. धन्यानं आपला धंदा बघावा, माणसांचं मावशी बघेल.

ओताऱ्यानं तिला बोलावलं आणि हात जोडले. "मावशी, ही सगळी ब्याद तुमच्या पदरात घ्या."

मावशी हसली. "ब्याद न्हवं धनी, मानसं हाएत. पर घेते."

आणि कारखान्यात कशी शांतता झाली! माणसं वेळेवर यायला लागली. सांडशीचं भांडण मिटलं. झोपाळू गड्याला मावशीनं माती मळायला लावलं, तर तो त्या कामात सगळ्यांच्या पुढं गेला. ओतारी पडवीत मन लावून नक्षी काढायचा. काम वाढलं, नाव झालं. आता यात नाराज व्हायला काय होतं? काहीच नव्हतं. पण सुख टोचायला लागलं की माणूस कारण शोधून काढतोच.

एकदा ओताऱ्याला ओसरीवरून हसण्याचा आवाज आला. मावशीभोवती सगळी माणसं बसली होती आणि पोट धरधरून हसत होती. हा बाहेर आला, तशी सगळी उठून उभी राहिली. हसणं बंद. कुणी धोतर झटकलं, कुणी खाली मान घातली. ओताऱ्याला वाटलं, आपण आपल्याच घरात पाहुण्यासारखे आलो.

मग त्याला एकेक गोष्ट दिसायला लागली. त्याचा सर्वांत जुना गडी सटवाजी. ओताऱ्याच्या वडिलांपासून तो कामाला होता. त्याच्या लेकीला मुलगा झाला, तर पहिली साखर मावशीच्या हातावर पडली. एक भातेवाला तापानं फणफणला होता, हे ओताऱ्याला कळलं तेव्हा तो बरा होऊन कामावरही आला होता. औषध कुणी आणून दिलं? मावशीनं.

"माझी माणसं," तो बायकोला म्हणाला, "माझ्या अंगणात राबतात, आणि माया तिच्यावर!"

"तुम्हीच ब्याद म्हणून दिली होती ना?" बायको भाकरी थापता थापता म्हणाली. ओताऱ्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग त्यानं ठरवलं, आपणही माया करायची. दुपारी माणसं जेवायला बसली, तशी हा त्यांच्यामध्ये जाऊन बसला आणि एकेकाला विचारायला लागला, "काय रे, घरी सगळं बरं आहे ना?" आजवर कधी न विचारणारा धनी एकाएकी विचारायला लागला, म्हणून माणसं घाबरली. एकाच्या हातातला घास तसाच राहिला. संध्याकाळी सगळी मावशीकडे धावली, "मावशे, धनी आमाला काढनार तर न्हाईत ना?" मावशीनं समजूत घातली. ओताऱ्यानं ते दाराआडून ऐकलं आणि त्याचं काळीज जळलं.

त्या कारखान्यात एक चाल होती. मोठी घंटा ओतायच्या दिवशी, मुशीत वितळलेल्या धातूचा रस तयार होत आला की प्रत्येक गड्यानं पुढं यायचं, घरून आणलेला तांब्याचा एखादा तुकडा मुशीत टाकायचा आणि ज्याचा आपल्याला आधार वाटतो त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. कुणी आईचं घ्यायचं, कुणी कुलदैवताचं. ओताऱ्याच्या वडिलांच्या काळापासून निम्मी माणसं "धन्याच्या नावानं" म्हणत आली होती.

त्या वर्षी वेशीवरच्या देवळासाठी घंटा ओतायची होती. पहिला गडी पुढं आला. "गोजरामावशीच्या नावानं." दुसरा आला. "गोजरामावशीच्या नावानं." ओतारी भट्टीशी उभा होता. आच तोंडावर येत होती, पण त्याला ती जाणवत नव्हती. मग सटवाजी आला. आता तरी, ओताऱ्याला वाटलं. सटवाजीनं जुन्या तपेलीचा कान मुशीत टाकला आणि म्हणाला, "मावशीच्या नावानं."

घंटा उत्तम झाली. पण ओताऱ्यानं तिला हात लावून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"मावशी, उद्यापासून येऊ नका."

"कामात काय कसूर झाली का?"

"नाही."

"मंग कुनी काय चहाडी केली?"

"नाही म्हटलं ना. माझी माणसं मी बघेन."

मावशीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला कळलं असावं. "बरं," ती म्हणाली. "तुमची मानसं, तुमचा कारखाना. एवढंच सांगते, सटवाजीच्या पाठीचं जरा..."

सटवाजीचं नाव तिच्या तोंडून ऐकलं आणि ओताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे सटवाजीची पाठही हिलाच माहीत!

"सटवाजीला मी लहानपणापासून ओळखतो," तो गरजला. "त्याचं तुम्ही मला सांगायचं नाही. एक शब्द नको!"

 मावशी पदर सावरून निघून गेली.

थोड्याच दिवसांत राजवाड्याचं काम आलं. नगरद्वारासाठी घंटा, एवढी मोठी की तिच्याखाली माणूस उभा राहावा. असं काम जन्मात एकदा मिळतं. ओताऱ्यानं स्वतः माणसं नेमली. मूस उचलून साच्यापाशी न्यायची म्हणजे भरवशाचे गडी हवेत. त्यानं सगळ्यांसमोर हाक मारली, "सटवाजी, पुढचा दांडा तू धर. हे काम माझ्या जुन्या माणसाचं."

सटवाजीनं एकवार धन्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि दांड्याखाली खांदा दिला.

मूस उचलली. माणसं चालू लागली. साचा अगदी जवळ आला, आणि सटवाजीच्या पाठीत कळ आली. गुडघा वाकला. मूस कलंडली. लालभडक रस जमिनीवर सांडला, आणि त्यात सटवाजीचा पाय सापडला.

ती किंकाळी मी इथं सांगत नाही. लहान मुलंही ऐकताहेत.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. वैद्य आला. सटवाजी वाचला. राजाचे लोक आले, सांडलेला धातू पाहिला आणि घंटेचं काम दुसऱ्या गावच्या ओताऱ्याला देऊन टाकलं. पण ओताऱ्याच्या मनात वेगळाच राग होता. तो तडक सटवाजीच्या घरी गेला.

सटवाजी बाजेवर पडला होता. पायाला फडकी गुंडाळलेली, चेहरा उतरलेला.

"पाठ धरली होती तर बोलला का नाहीस?" ओताऱ्यानं विचारलं. "एक शब्द बोलला असतास!"

"मावशीला सांगितलं व्हतं," सटवाजी हळूच म्हणाला. "मागल्या पावसापास्नं वाकता येत न्हवतं. मावशीनं मला घासायच्या कामाला लावलं आन् म्हनली, धन्याच्या कानावर घालते."

"मग मी उचल म्हटल्यावर..."

"मला वाटलं, धन्याला समदं ठावं हाय. ठावं असून उचल म्हनत्यात. सगळ्यांम्होरं नाव घेऊन म्हनत्यात." सटवाजीनं तोंड भिंतीकडे वळवलं. "मावशीचं नाव घेतलं म्हनून धनी रागावलं असतील, असं वाटलं. मंग मी काय बोलू?"

ओतारी जमिनीवर बसला. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "मला तिचा हेवा वाटला रे," तो म्हणाला. "ती सांगत होती, आणि मी तिला सांगू दिलं नाही." हे बोलून तो लहान मुलासारखा रडला.

सटवाजीनं त्याला शिवी दिली नाही, जवळही घेतलं नाही. पायाची जखम भरून आल्यावर लेक येऊन त्याला आपल्या गावी घेऊन गेली. निघताना तो ओताऱ्याच्या पाया पडायला आला नाही.

मग ओतारी मान खाली घालून गोजरामावशीकडे गेला. मावशीनं त्याला ओसरीवर बसवलं. मग म्हणाली, "तुमी गप केलं तरी मी दारात अडून ऱ्हायला पायजे व्हतं. माजंबी चुकलंच." आणि ती परत आली. तिनं माणसं सांभाळली, सुट्ट्या ठरवल्या, भांडणं मिटवली. ओतारीही आता ओसरीवर येऊन बसू लागला, आधी कान देऊ लागला आणि मग बोलू लागला. सटवाजीच्या जागी मावशीनं दूरच्या गावाहून चांगला, तरणा, तयार गडी शोधून आणला.

पण सटवाजी काही तिला आणता आला नाही.

म्हणून सांगतो: माणसं सांभाळायचं काम दुसऱ्यावर सोपवता येतं, पण त्यांच्याबद्दलची माया सोपवता येत नाही, आणि ती ज्याला मिळाली त्याचा हेवा करून तर मुळीच परत मिळत नाही.