घरच्या विहिरीचं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत.

एका लहानशा गावात सटवाजी नावाचा माळी राहत होता. त्याच्या मळ्यात एक विहीर होती. तिचं पाणी गोड होतं, आणि ते गोड आहे हे सटवाजी दिवसातून दहा वेळा सांगे. साठ वर्षांत त्याने गावाची शीव ओलांडली नव्हती. "इथं काय कमी आहे?" असं तो विचारी, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा खुरपं हातात घेई.

त्याची बायको गोजरा मात्र निराळी. परगावचा वाटसरू दिसला, की ती हातातलं काम टाकून त्याला पाणी देई आणि विचारी, "तुमच्याकडं कसली फुलं असतात हो?"

त्यांना एकच मुलगी, येसू. मागच्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. सासर चांगलं होतं, पण सात दिवसांच्या वाटेवर, तीन नगरांच्या पलीकडे होतं.

एके दिवशी त्या बाजूने फिरत आलेल्या कासाराने येसूचा निरोप आणला. बांगड्यांचं ओझं खाली ठेवून तो म्हणाला, "पोरीनं सांगितलंय, माणसं मायेची आहेत, पण माझा जीव इथं रमत नाही. घास घशाखाली उतरत नाही. दारचा मोगरा घेऊन या. तो इथं रुजला तर मीही राहीन. नाही रुजला, तर मला परत घेऊन चला."

गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. सटवाजी उठला, दारच्या मोगऱ्यापाशी बसला आणि त्यातलं एक जोमदार रोप मातीसकट काढून कुंडीत लावू लागला. लेकीसाठी तो शीव ओलांडायला निघाला होता.

निघायच्या दिवशी त्याने कुंभाराचं गाढव मागून आणलं आणि त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी दोन भरलेल्या घागरी बांधल्या.

"एवढं पाणी कशाला?" गोजराने विचारलं.

"रोपाला. झाडाला जन्माचं पाणी लागतं. परक्या पाण्यानं मोगरा मरतो."

"कुणी सांगितलं तुम्हांला?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी माळी आहे!"

नवरा, बायको आणि गाढव अशी तिघं निघाली. वाट नदीच्या काठाकाठाने जात होती. कोसभर गेल्यावर गाढव थांबलं आणि म्हणालं, "मालक, नदीकाठानं पाणी वाहून नेणारं मी पहिलंच गाढव असेन."

"पहिलं नव्हे रे, दुसरं," गोजरा म्हणाली आणि पदराआड हसली.

दुसऱ्या दिवशी सटवाजीने घागरीत डोकावून पाहिलं. पाणी त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी उरलं होतं. त्याने विचार केला आणि रोपाच्या बुडाशी आलेला एक लहान फुटवा मुळासकट उपटून काढला. पिणारी तोंडं कमी, तर पाणीही कमी लागेल. तो फुटवा त्याने वाटेवर टाकला.

गोजराने तो उचलला. तिचं ताकाचं गाडगं गाढवाच्या पाठीवर आपटून तळाला चिरलं होतं. त्यात तिने नदीकाठची माती भरली, फुटवा लावला आणि वर नदीचं ओंजळभर पाणी घातलं.

"दोन दिवस जगणार नाही," सटवाजी म्हणाला.

"मग दोन दिवस तरी जगू दे," गोजरा म्हणाली.

पहिलं नगर डोंगराच्या उतारावर वसलेलं होतं. तिथे जमीन फार थोडी, म्हणून लोकांनी घरांच्या छपरांवर बागा केल्या होत्या. संध्याकाळ झाली, की सगळ्यांत वरच्या घरातून पाणी सोडत. त्या बागेचं भागलं, की ते पन्हळीतून खालच्या छपरावर उतरे, तिथून त्याच्या खालच्या. वरचा कधी पाणी अडवत नसे, कारण त्याच्या लेकी खालच्या घरांत दिलेल्या होत्या. गोजरा हे सगळं तोंडाचा आ करून बघत राहिली.

"छपरावर दुधी!" सटवाजी नाक मुरडून म्हणाला. "उद्या विहिरीत आंबे लावतील."

ज्या घरी ते उतरले, तिथली बाई म्हणाली, "आमची पाण्याची पाळी आली आहे. तुमचीही रोपं आणा, दादा." सटवाजीने कुंडी पोटाशी धरली. गोजराने गाडगं पन्हळीखाली ठेवलं. गंमत अशी, की त्याच बाईने दिलेला पाण्याचा तांब्या सटवाजीने स्वतः मात्र एका दमात संपवला. घरचं पाणी रोपासाठी राखलेलं, मग माणसाने काय करावं?

दुसऱ्या नगरात राजाची बाग होती. दारावरचा रखवालदार म्हणाला, "इथला रिवाज आहे. हौदातलं ओंजळभर पाणी घ्यायचं आणि आत जे झाड आवडेल त्याला घालायचं. राजासुद्धा घालतो."

"मी आत गेलो तर माझी कुंडी कोण सांभाळणार? आणि परक्या झाडांशी माझं काय काम?" असं म्हणून सटवाजी दारातच कुंडीला मिठी मारून बसला. गोजरा आत गेली ती दुपार कलल्यावरच बाहेर आली. तिने निळ्या कमळांचं तळं पाहिलं होतं, केवड्याच्या बनात ती वाट चुकली होती, आणि ओंजळीतलं पाणी कुणाला घालावं हे न सुचल्यामुळे ते अर्धं हातातच गळून गेलं होतं. ती सांगत राहिली. सटवाजीला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. माळ्याचंच काळीज ते! पण आता विचारलं तर हार मानल्यासारखं होईल, म्हणून तो गप्प चालत राहिला.

"फुटवा बघा, नवं पान आलंय," गोजरा म्हणाली.

"वरवरचं आहे ते. मुळात काही दम नाही."

त्याच्या कुंडीतली पानं मात्र कडेने पिवळी पडू लागली होती. तापलेल्या वाटेने घागरीतलं पाणी आटत होतं, आणि उरलेलं तो थेंब थेंब घालत होता. आपली चूक होते आहे, असं त्याला एकदा वाटलं. पण चार कोस चालून आलेल्या माणसाला वाट चुकल्याचं कबूल करणं जड जातं. हा तर किती कोस चालून आला होता!

तिसरं नगर नदीपासून दूर, माळावर होतं. सगळ्या गावाला मिळून एक झरा, आणि झऱ्याभोवती एकच बाग. तिथे पोचता पोचता घागरी कोरड्या पडल्या. सटवाजी बागेच्या कडेला सुकत्या रोपाकडे बघत बसला. एक म्हातारी आली. तिच्या हातात दिवसाचं पिण्याचं पाणी होतं, एक तांब्या.

"पोरा, यातलं अर्धं घाल त्याला," ती म्हणाली.

"नको. तुमचं पाणी याला चालायचं नाही."

म्हातारीचा चेहरा पडला. तिने तांब्यातलं थोडं पाणी गोजराच्या गाडग्यात घातलं, थोडं गाढवाला पाजलं आणि निघून गेली. "मला चाललं बुवा," गाढव म्हणालं. सटवाजीने मान खाली घातली.

सातव्या दिवशी ते येसूच्या दारात पोचले. येसू गूळ-पाणी घेऊन धावत आली. वाळली होती पोर, गालाची हाडं दिसत होती. मागे दारात तिची सासू उभी होती.

येसूची नजर कुंडीवर गेली. कुंडीत एक काटकी होती. पान नावालासुद्धा नव्हतं.

"आबा, हा तर मेला." तिच्या हातातला तांब्या कलंडला.

"पोरी, सात दिवस याला परक्या पाण्याचा एक थेंब लागू दिला नाही मी," सटवाजी कसाबसा म्हणाला. "तरी कसा गेला, कळत नाही."

येसूने बापाकडे पाहिलं. "आणि तुम्ही, आबा? तुम्ही वाटेत कुठलं पाणी प्यायलात?"

"मी? मिळेल ते."

"आणि तुम्ही तर चांगले तुकतुकीत दिसताय!"

सटवाजीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग त्या काटकीकडे. येसूही त्या काटकीकडेच बघत होती. वर्षभर सासू ताट वाढून समोर ठेवत होती, आणि वर्षभर ती म्हणत होती, आमच्याकडे अशी आमटी करत नाहीत.

गोजराने पदराखालचं गाडगं पुढे केलं. फुटव्याला आठ पानं होती, आणि शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढी कळी.

"हा कुठला?" येसूने विचारलं.

गोजरा बोलणार, तेवढ्यात सटवाजीच म्हणाला, "दारचाच आहे. मी टाकून दिला होता, तुझ्या आईनं चार ठिकाणचं पाणी पाजून जगवला. चुकलो मी, पोरी. मी विहीर पाठीवर घेऊन निघालो होतो."

येसूने गाडगं हातात घेतलं. मग ती वळली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, याला पाणी घालता? तुमच्या हातानं घाला."

सासूने डोळे पुसले आणि आडाचं पाणी शेंदायला गेली. त्या दिवशी येसूने तिच्या हातची आमटी दोनदा मागून घेतली.

सटवाजी आठ दिवस राहिला आणि गावातल्या बागांमधून पोरासारखा हिंडला. परतताना त्याने मुद्दाम वाट वाकडी करून नदीवर दोन्ही घागरी भरल्या आणि माळावरच्या म्हातारीच्या दारात नेऊन ठेवल्या. "आजी, त्या दिवशी तुमचं पाणी नाकारलं. माफी असावी," तो म्हणाला. म्हातारीने त्यातलंच तांब्याभर पाणी त्याला प्यायला दिलं. गाढव म्हणालं, "हे ओझं मात्र मला पटलं." राजाच्या बागेत सटवाजीने ओंजळ भरून घेतली आणि कुठल्या झाडाला घालावं हे न सुचून तोही घुटमळत राहिला. छपरावरचा दुधी बघून त्याने बियाही मागून घेतल्या.

पुढच्या वर्षी कासार पुन्हा आला. "येसूला दिवस गेलेत," तो हसत म्हणाला. "बाळंतपणाला माहेरी येते म्हणाली, पण अगदी सातवा सरल्यावर. तोवर मोगऱ्याला पाणी घालायला तिथं माणूस नको का, असं विचारलंय. आणि आबांना म्हणावं, मला न्यायला तुम्हीच या."

सातवा सरत आला, तसं सटवाजीने कुंभाराचं गाढव मागून आणलं. त्याच्या पाठीवर या वेळी त्याने एकही घागर बांधली नाही. फक्त एक रिकामा तांब्या आपल्या खांद्याला अडकवला.

तात्पर्य : मूळ घरचं असावं, पण पाणी जिथे जाऊ तिथलं प्यावं.