इकडील सर्व कुशल

चैत्र वद्य पंचमीचा दिवस, बाळांनो. ऊन कडक होतं आणि वारा पडला होता. त्या दिवशी एका गावचं तळं उठलं आणि चालू लागलं. पाणी, कमळं, मासे, सगळं घेऊन. डोंगर चढलं आणि पलीकडे जाऊन बसलं. मागे उरला चिखल आणि अठरा कोरड्या पायऱ्या.

गावात एक लहानसा आड होता. त्यात दहा दिवसांचं पाणी. तेवढ्यात तळं परत आलं नाही, तर सगळ्यांना गाव सोडावं लागणार होतं, बरं का.

तळ्याची वाट एका बगळ्याला ठाऊक होती. तो म्हणाला, "पत्र द्या, नेतो. पण तीनदाच. माझेही पंख दुखतात."

गावात लिहिणारे एकटे नारोपंत. अक्षर असं, की न वाचताही बघत बसावं. पण लिहिताना कुणी डोकावलं, की कागद हातानं झाकून घ्यायचे.

मग त्यांनी पहिलं पत्र लिहिलं. तीन दिवसांनी बगळा उत्तर घेऊन आला. कमळाच्या पानावर ओलं ओलं लिहिलेलं, 'पत्र वाचून आनंद झाला. मीही खुशाल आहे.'

नारोपंत चक्रावले. शब्द कमी पडले असतील, असं त्यांना वाटलं. मग दुसरं पत्र लिहिलं, चांगलं हातभर लांब. आणखी तीन दिवसांनी उत्तर आलं, 'फार समाधान वाटलं. असेच सुखात राहा.'

आता आडात उरलं तीन दिवसांचं पाणी, आणि बगळ्याची एकच खेप.

नारोपंत कोरा कागद घेऊन पायरीवर बसले. बोरू काही उचलेना. तेवढ्यात गोदाक्का कुंभारीण शेजारी येऊन टेकली. "पंत, मला वाचता येत नाही. आधी काय लिहिलं होतं, तेवढं सांगा."

पंतांना ते आवडलं नाही. पण तोंडपाठ म्हणून दाखवलं. "तीर्थरूप तळ्यास शिरसाष्टांग नमस्कार. इकडील सर्व कुशल..."

"थांबा. कुठं आहे कुशल?"

"अहो आक्का, ती लिहायची रीत असते."

"आपली रीत तळ्याला काय माहीत? त्यानं वाचलं, कुशल आहे. मग ते कशाला येतंय?"

चाळीस वर्षं पंतांनी तीच ओळ लिहिली होती.

मग बिरू धनगर आला. त्यानं विचारलं, "पण ते गेलं कशानं? हे कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं.

मग गोदाक्का हळूच म्हणाली, "भट्टीची राख मी त्यात टाकायचे."

बिरू म्हणाला, "मेंढरं मी धुवायचो."

दोघांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी बोरूचं टोक निरखलं. "शाईच्या दौती मी तिथंच विसळायचो," ते म्हणाले. "रोज."

"आणि आलं परत, तर आपण करणार काय?" गोदाक्कानं विचारलं.

मग तिघं उठले. काठापासून लांब राखेसाठी खड्डा खणला. मेंढरं धुवायला दगडी डोणी ओढून आणली. मगच पत्राला बसले. पंतांचा हात सवयीनं 'इकडील सर्व' लिहायला गेला, तर गोदाक्कानं मनगटच धरलं. एक वाक्य तिचं, एक बिरूचं, एक पंतांचं. पत्र झालं ते असं:

'तळ्यास नमस्कार. इकडे कुशल नाही. राख, मेंढरं आणि दौती, या आमच्या चुका. राखेला खड्डा खणला, मेंढरांना डोणी आणली, दौती आता घरीच धुऊ. आणखी काय चुकलं? ये आणि सांग.'

खाली एक सही आणि दोन अंगठे. बगळा उडाला.

चैत्र वद्य चतुर्दशी. आभाळ स्वच्छ, वारा डोंगराकडून. आडात घागर बुडेना. आणि मग पुढे बगळा, मागे तळं, असे दोघं उतरून आले. अठरातल्या सोळा पायऱ्या बुडाल्या. उरलेल्या दोन पायऱ्यांवर बसून सगळं गाव पोटभर पाणी प्यायलं आणि तिथंच सुखानं राहिलं. तुम्हीही घोटभर पाणी प्या आणि मिटा डोळे.