गाळलेलं नाव

“पण मी चुकलो कुठं, ते तरी सांगा!” क्वादवोनं पुन्हा विचारलं.

गुरूंनी नुसतं ढोलाकडं पाहिलं.

त्यांचं नाव बेदियाको. घानाच्या दाट रानातल्या ओदुमक्रोम गावचे म्हातारे ढोलवादक. तिकडंही वडीलधाऱ्या माणसाला नानाच म्हणतात. नानांचा जोडढोल बोलायचा. एकाचा आवाज उंच, दुसऱ्याचा खोल, तिथल्या बोलीच्या चढउतारांसारखे. त्या दोन आवाजांत गावाची सारी कथा उमटायची. रान तोडून वसलेली पहिली घरं, नदीतलं सोनं, उत्तरेकडं विकायला जाणारी, चघळायची कोलाची फळं, मग कोकोचे मळे. आणि ओळीनं सगळ्या राजांची नावं.

उद्या नवा राजा आसनावर बसायचा होता आणि ढोल क्वादवो वाजवणार होता. आज त्यानं मानकऱ्यांसमोर सगळं वाजवून दाखवलं. हात कुठं म्हणून अडखळला नाही. मानकरी खूश होऊन घरी गेले.

एक नाव मात्र त्यानं गाळलं होतं. अडू ग्यामेरा. नव्या राजाचा पूर्वज, एकेकाळचा राजा. त्यानं गावचीच माणसं धरधरून समुद्रकाठच्या गोऱ्या व्यापाऱ्यांना विकली होती.

“राजाचाच हुकूम आहे, नाना. ते नाव कानावर नको म्हणाला. आणि मी असं बेमालूम जोडून घेतलं, की सांधासुद्धा कळत नाही!”

“खरंय… कळत नाही.”

“मग?”

नानांनी हात पुढं केला. क्वादवोनं टिपऱ्या दिल्या.

म्हातारा वाजवू लागला. रान, नदी, सोनं, राजे… ग्यामेराची पाळी आली, तशा त्यांनी दोन्ही टिपऱ्या वर उचलल्या.

उचललेल्याच ठेवल्या.

पलीकडच्या बाजारात कसाव्याचे कंद कांडणाऱ्या बायकांची मुसळं एकेक करत थांबली. बोलणी थांबली. एक म्हातारी उठून उभी राहिली, नुसतीच.

क्वादवोला ते सोसवेना. आजोळच्या घरातूनही कधीकाळी कुणी एक बाई अशीच नेली गेली होती, परत आली नव्हती. लहानपणी ऐकलं होतं. विसरूनही गेला होता.

नानांचे दंड भरून आले. हात खाली आले नाहीत.

बऱ्याच वेळानं बाजारात एक मुसळ वाजलं. मग दुसरं. तेव्हा नानांनी पुढचा राजा घेतला आणि कथा शेवटाला नेली.

“नाव तर तुम्हीही घेतलं नाहीत,” क्वादवो हळूच म्हणाला.

“नाही घेतलं. राजाचा हुकूम कसा मोडायचा?”

नानांनी टिपऱ्या त्याच्या हातात परत दिल्या. क्वादवोनं त्या वर उचलून बघितल्या.

“उद्या… मी किती थांबू, नाना?”

“मला काय विचारतोस? ज्यांची माणसं गेली, त्यांना विचार.”