आटलेल्या तळ्याचे राजे

निळसर नावाचं तळं आटून गेलं, त्या काळची ही गोष्ट. तिथले राजहंस शेजारच्या बदकांच्या तळ्यात राहायला आले. पाणी गेलं तरी किताब मात्र शाबूत होते. म्हातारा राजहंस रोज पहाटे मान ताठ करून स्वतःचाच पुकारा करी, "निळसराचे अधिपती, सहस्र कमळांचे धनी!" बदकं ऐकून घेत आणि शेवाळ खायला लागत.

एक दिवस त्याच्या मुलाने खंडू बदकाच्या सावळीशी लग्न ठरवलं.

म्हातारा भडकला. "साध्या बदकाची पोर? तुझा किताब काढून घेतो! निळसरावर तुझा काही हक्क राहणार नाही."

"घ्या काढून," मुलगा म्हणाला. "तिथे आता गुरं चरतात, बाबा."

"मग चालता हो माझ्या पाण्यातून!"

खंडू सावकाश पोहत पुढे आला.

"महाराज, हे पाणी माझ्या पणजीपासून आमचं आहे. जावयाला मी हाकलणार नाही. तुम्हालाही नाही, आता तुम्ही आमचे व्याही. फक्त पहाटेचा पुकारा जरा हळू करा. पिल्लं झोपलेली असतात."