उरलेला प्रश्न

"…आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत?" गिरीबाबांनी विचारलं.

"पुरा कशाला व्हायला पाहिजे, बाबा?" अभिराम हसला. "पहिले चार शब्द कानावर पडले की गाडी कुठं चाललीय ते कळतं. घंटी दाबायची, उत्तर द्यायचं, मोकळं व्हायचं."

"चुकलं तर?"

"गुण कापतात."

"चुकतं?"

"एखादं. मागच्या फेरीत चुकलं की. सूत्रधार म्हणाला, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई… मी दाबली घंटी. सोळाशे शेहेचाळीस मीटर! तर प्रश्न निघाला, कळसूबाई पहिलं, मग दुसरं कोणतं? साल्हेर हो, बाबा! मला साल्हेर येत नव्हतं का? झोपेत उठवून विचारा."

बाबा बोलायला वेळ घ्यायचे. वय झालं होतं, दम लागायचा, आणि एका वाक्यात दोनदा तरी श्वास घ्यायला थांबावं लागायचं.

फलटणपासून थोडं आत, ओढ्याच्या कडेला त्यांचा मठ होता. मठ म्हणजे काय, एक पत्र्याची खोली, एक पडवी आणि समोर पारावरचा पिंपळ. वडील गेल्यावर आई दिवसभर कामाला जायची, तेव्हा अभिराम इथंच वाढला. बाबांनी त्याला बाराखडी शिकवली. आता तो फलटणला स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये सामान्य ज्ञान शिकवत होता, आणि टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत शेवटच्या फेरीत पोचला होता. गुरुवारी मुंबईत चित्रीकरण. त्याआधी बाबांचा आशीर्वाद घ्यायचा, आणि नवी बायको त्यांना दाखवायची, अशी दोन्ही कामं एका फेरीत उरकायला तो आला होता.

नवी बायको पडवीच्या कडेला सतरंजीवर बसली होती. तिचं नाव शलाका.

शलाका कमी बोलते, असं सासरी सगळ्यांचं मत झालं होतं. अभिरामचंही. ती काही तशी कमी बोलणारी नव्हती. कोल्हापूरला एका रक्तपेढीत ती तंत्रज्ञ होती आणि तिथं घाबरलेल्या रक्तदात्यांना बोलण्यात गुंतवून ठेवायचं काम तिच्याकडंच असायचं. पण इथं वाक्य सुरू केलं की संपवायला मिळायचं नाही.

लग्नासाठी घेतलेली रजा रविवारी संपत होती. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. जायचं, हे तिचं ठरलं होतं. नवऱ्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

सांगायचा प्रयत्न तिनं केला नव्हता असं नाही.

"अहो, सोमवारी मला…"

"सोमवारी सिलेंडर येतोय. मी नंबर लावलाय."

पुन्हा एकदा, चहाच्या वेळी.

"माझी रजा…"

"वाढवून मिळते ती. अर्ज कसा करायचा मी सांगतो."

आणि कालच, दिवाबत्तीच्या वेळेला.

"मला कोल्हापूरची…"

"आठवण येते ना? स्वाभाविक आहे. आपण महिन्यातून एकदा जाऊ की देवीला."

असं म्हणून त्यानं तिला गजरा आणून दिला होता. गजरा चांगला होता. माणूसही चांगला होता, हीच तर पंचाईत. चिडका असता तर भांडता आलं असतं.

"अभ्या…" बाबा म्हणाले.

"हां, मटण खात नाही म्हणून काळजी करू नका, मुंबईत शाकाहारी मिळतं."

"ते नव्हतो विचारत."

"मग तब्येत. ठणठणीत आहे."

बाबांनी श्वास घेतला.

"उत्तर बरोबर आलं की… पुढं काय होतं?"

"गुण मिळतात."

"गुणाचं नाही. प्रश्नाचं. तू मधेच घंटी दाबलीस. तो वाचायचा थांबला. मग उरलेला प्रश्न… तो कुठं गेला?"

अभिरामला गंमत वाटली. "कुठं जाणार? त्याच्या हातातल्या कार्डावर असतो तो. वाचायची गरजच नाही ना उरत."

"म्हणजे कुणाला ऐकूच येत नाही?"

"नाही."

"तुलापण नाही?"

"मला कशाला पाहिजे? मी जिंकलो ना!"

शलाका सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होती. उरलेले प्रश्न कुठं जातात, ते तिला नेमकं ठाऊक होतं. काही भाजी चिरताना विळीवर जातात. काही उशीखाली. बरेचसे घशातच राहतात आणि मग सासूबाई विचारतात, सुनबाईंना गार पाणी बाधतं का?

एवढ्यात आतून गोदूमावशी आल्या. मठात येईल त्याला जेवायला घालायचं काम त्यांचं. हाताला पीठ लागलेलं, पदर खोचलेला.

"पानं वाढलीत," त्या म्हणाल्या. "पण नव्या नवरीनं नाव घेतल्याशिवाय मी काय भाकरीला हात लावून द्यायची नाही. सांगून ठेवते."

"मावशी, ती लाजते," अभिराम म्हणाला.

"तुला विचारलं का रे मी? तू गप."

शलाका सावरून बसली. पदर नीट केला. समोर बघितलं, दारातला पिंपळ दिसला, आणि ती म्हणाली,

"मठापुढं पिंपळ, पिंपळाला पार…"

ती क्षणभर थांबली. नाव घेताना थांबतातच.

अभिरामचा अंगठा स्वतःच्या गुडघ्यावर दाबला गेला.

"अभिरामरावांच्या संसाराला मी शोभते फार!" तो म्हणाला.

…

गोदूमावशींनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग शलाकाकडं, आणि मग पिठाचे हात तोंडावर धरून त्या अशा हसल्या की खालीच बसल्या.

"अगं बाई बाई बाई! नवऱ्यानंच स्वतःचं नाव घेतलं गं! आता काय, मंगळसूत्रपण तुमच्याच गळ्यात घालायचं का, अभिरामराव? का गजरा माळू?"

अभिरामचे कान लाल झाले. "नाही, म्हणजे… पार म्हटल्यावर फारच येतं ना पुढं. सरळ होतं."

"सरळ होतं म्हणे!" मावशी डोळे पुसत होत्या.

शलाकालाही हसू आलं. पण ते टिकलं नाही. पुढची ओळ तिनं एसटीत बसल्यापासून जुळवत आणली होती. तोंडासमोर सांगता येत नाही तर नावात घालून सांगू. नाव घेताना बाईला कुणी अडवत नाही, असा तिचा हिशेब होता.

बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी मागं हात घालून कोनाड्यातला पत्र्याचा डबा घेतला. झाकण उघडायला त्यांना वेळ लागला. कुणी मदत करायला पुढं झालं नाही, कारण बाबांना ते आवडायचं नाही. डब्यातून त्यांनी खडीसाखरेचा एक खडा काढला आणि अभिरामपुढं धरला.

"घे."

"प्रसाद जेवणानंतर ना?"

"तोंडात ठेव. चावायचा नाही. विरेपर्यंत… बोलायचं नाही."

"म्हणजे मौन? मौनाचे तीन प्रकार…"

बाबांनी खडा त्याच्या तोंडात घातला. लहान पोराला औषध घालावं तसा.

मग शलाकाकडं वळून म्हणाले, "हं. बोल, पोरी."

शलाकानं पदर पुन्हा नीट केला.

तिला सवय नव्हती. समोर इतकी जागा मोकळी सोडलेली तिनं लग्न झाल्यापासून बघितली नव्हती. ओढ्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं. गोदूमावशींचं हसू ओसरलं. अभिरामचा एक गाल फुगला होता आणि तो तिच्याकडं बघत होता, मदत करायला आतुर.

"मठापुढं पिंपळ, पिंपळाला पार," शलाका म्हणाली.

थांबली.

अंगठा हलला… पण खडा तोंडात होता.

"अभिरामरावांना सांगते, सोमवारी मी कामावर जाणार."

अभिरामनं तोंड उघडलं. बाबांनी नुसतं एक बोट वर केलं. त्यानं तोंड मिटलं.

"कोल्हापूरला," शलाका म्हणाली. आता ती नाव घेत नव्हती, नुसती बोलत होती. "माझी खोली अजून सोडलेली नाही मी. सोमवार ते शुक्रवार तिथं, शनिवारी दुपारच्या एसटीनं इकडं. लग्न झालं म्हणजे नोकरी सुटलीच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. मला ते काम येतं. रात्री-अपरात्री कुणाचा तरी फोन येतो, अमुक गटाचं आहे का, आणि आम्ही म्हणतो, आहे, या. तेव्हा पलीकडचा माणूस जो श्वास सोडतो ना…"

तिनं स्वतःच श्वास घेतला.

"ते मला सोडायचं नाही."

गोदूमावशी आत जायला उठल्या होत्या, त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

अभिराम काहीतरी हातानं सांगायला लागला. इथं फलटणला पण लॅब आहेत, असा त्याचा अर्थ असावा. बोटानं इथं दाखवलं, मग डोळ्याला लावून सूक्ष्मदर्शकासारखं केलं.

"इथल्या लॅबचं मला माहिती आहे," शलाका म्हणाली. "मी तीन ठिकाणी विचारून आले. तुम्ही क्लासला गेलात की जायचे."

हात खाली आला.

"तुम्हाला विचारून जाणार नाही, सांगून जाणार आहे," ती म्हणाली. मग तिचा आवाज थोडा खाली गेला. "पण एक विचारायचं आहे."

आता अभिरामचा चेहरा बघण्यासारखा झाला. पैशाचं विचारणार? आईला कोण सांभाळेल ते? मी तिकडं बदलून येईन का? एकेक उत्तर त्याच्या कपाळावर येत होतं आणि पुसलं जात होतं. चौकटीत सगळे पर्याय होते, पण प्रश्नच नव्हता.

"सोमवारी पहाटेची गाडी आहे," शलाका म्हणाली. "सगळे बघत असणार. आई, शेजारच्या काकू, सगळे. तर… मला स्टँडवर सोडायला तुम्ही याल?"

…

पिंपळाचं एक पान पडवीत येऊन पडलं. कुणी उचललं नाही.

अभिराम खाली बघत होता. हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता. ती एवढंसं मागेल, आणि तेवढंसं मागायला इतके दिवस घाबरेल, हे त्याला आलं नसतं. गाल हळूहळू सपाट झाला. त्यानं एकदा गिळलं. पुन्हा गिळलं.

"विरला?" बाबांनी विचारलं.

त्यानं हो म्हणून मान हलवली.

"मग बोल की. तुला तर सगळं येतं."

अभिराम शलाकाकडं वळला. अंगठा गुडघ्यावरून त्यानंच बाजूला घेतला. बोलायला म्हणून ओठ उघडले आणि तसेच राहिले. तो कधी बोलायला इतका वेळ घेईल असं गोदूमावशींना वाटलं नव्हतं. त्यांनी दाराची चौकट धरली.

"शलाका," तो शेवटी म्हणाला, "तुझं… झालं का सांगून?"

शलाकानं त्याच्याकडं नीट बघितलं. थट्टा करतोय का? नव्हता करत.

"नाही," ती म्हणाली. "बरंच राहिलंय."

गिरीबाबांनी पुन्हा डब्यात हात घातला.

"थांब, अभ्या," ते म्हणाले, "मोठा खडा शोधतो."